कमरेतली माया

त्या बाईचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. बाई म्हणजे चित्रातली. गेल्या शतकाच्या मध्यावर कुणा फ्रेंच ड्रेस डिझायनरने शाईने काढलेली. घेरदार काळा स्कर्ट, अंगाबरोबर राखाडी जॅकेट, कंबर मुठीत मावेल एवढी. चेहऱ्यावर नाकडोळे नव्हतेच. आतडी कुठे ठेवली होती, देव जाणे. मुलीच्या पॉलिटेक्निकमध्ये जुन्या चित्रावरून पोशाख शिवून तो स्वतः घालून दाखवायचा होता. तिने हे चित्र निवडलं आणि सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिलाई मशीनच्या वर चिकटवलं.

कापड आम्ही दोघींनी अरब स्ट्रीटवरून आणलं. मापं मी घेतली, शिवलं तिने. कमरेच्या शिवणीत माया, म्हणजे आतल्या बाजूला सोडलेलं जादा कापड, मात्र मी भरपूर ठेवायला लावली.

"एवढी नको, आई. जाड दिसतं."

"असू दे. पुढेमागे उसवून सैल करता येतं."

मग तिने आधी भात सोडला, नंतर पोळी. "खाल्लं लाह, फ्रेंड्सबरोबर," म्हणायची, इथल्या पोरांसारखं मराठीलाही 'लाह' चिकटवून. नवरा म्हणाला, वयच तसं असतं. बाथरूमच्या जाळीत तिच्या केसांचे पुंजके अडकायचे. ते मी गुपचूप उचलून टाकायचे, कारण काही बोललं की ती टेबलावरून उठून जायची. मला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर पोरगी हातची जाईल अशी.

ट्रायलला जॅकेट तिच्या अंगावर नुसतं लटकलं. तिला आनंद झाला.

"आत घे ना, आई. लूज होतंय."

"मी नाही घेणार."

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर जॅकेट थेट चित्रासारखं झालेलं, आणि कचऱ्याच्या डब्यात राखाडी पट्ट्या. आत घेऊन ती थांबली नव्हती, माया कापून टाकली होती. चित्र टराटरा फाडावंसं वाटलं. त्याऐवजी तशीच अरब स्ट्रीटला गेले आणि त्याच कापडाचा तुकडा आणून तिच्यासमोर ठेवला.

"हे कशाला?"

"कमरेला पट्टी जोडायला. लागेल तेव्हा."

 रात्री तिने वरणभात ताटात इकडचा तिकडे केला आणि उठली. कापड मात्र घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवलं.

पुढे तिचं चक्कर येऊन पडणं झालं, हॉस्पिटल झालं, डॉक्टरांच्या वाऱ्या झाल्या. ती क्लासला गेली की मी कपाट उघडून बघायचे. कापड तिथेच असायचं, तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

एका दुपारी ते नव्हतं.  आधी कचऱ्याचा डबा पाहिला, मग मशीनकडे गेले. जॅकेट मशीनवरच होतं, कमरेला राखाडी पट्टी अर्धी जोडलेली. उलटून पाहिलं. आतून तिने बोटभर माया ठेवली होती.