कोऱ्या फॉर्मातला माणूस

समता कॉलनीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तो दर सोमवारी यायचा. एकाच फॉर्मच्या तीस कॉप्या काढायचा. बिघडलेली कॉपीसुद्धा घडी करून खिशात घालायचा. फॉर्मवर नुसते रकाने होते: उंची, चाल, बोलणं, खूण.

"नव्या पोलीस पोट्ट्यांले माणूस पाहाले शिकवतो," तो म्हणायचा. मला ते पटायचं नाही. पोलिसातला माणूस अन् बिघडलेल्या कागदाला एवढा जपतो काहून?

शेवटी एकदा मी आयडी कार्ड मागितलंच. त्यानं एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"भाऊ, तीन महिने झाले, मले पाहून राहिले न? मंग भरा." असं म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

उंचीपाशीच पेन अडला. चाल आठवेना. चष्मा होता की नव्हता? बाकी सगळं कोरं सोडून मी तळाशी लिहिलं, 'संशयास्पद'.

आत येऊन त्यानं ते वाचलं.

"आमचे पोट्टे बी पहिल्या दिवशी हेच लिहितात," तो हळूच म्हणाला. "या एका शब्दावर कोणालेही उचलता येते, भाऊ."

त्यानं फॉर्मची घडी करून खिशात घातली. तो जाईपर्यंत माझी मान वर झाली नाही. त्याला चष्मा होता का, हे मला आजही सांगता येत नाही.