एक एमबीच्या फायली

आमचं छोटं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. सर्व्हरवर फायली लिहायला-वाचायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि गिऱ्हाइकाला रिपोर्ट द्यायचा, हे आमचं काम. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली चामटोलीचे एक गृहस्थ आले. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करायचे. कारखाना बंद पडला, तेव्हा पन्नाशीला टेकलेले असताना कॉम्प्युटर शिकले.

एका बेंचमार्कसाठी, म्हणजे वेग मोजायच्या चाचणीसाठी, एक एमबीच्या हजार फायली बनवायच्या होत्या. ते म्हणाले, सगळ्या एक एमबीच्या बनतच नाहीयेत. कुठली अर्ध्या एमबीची, कुठली तीनची. मी मान वर न करताच सांगितलं, आकडा टाकताना चुकलं असेल, पुन्हा करा. त्यांनी सगळं पुसून पुन्हा केलं. असं तीनदा झालं. त्यात गिऱ्हाईक येऊन बसलं, उशीर का होतोय म्हणून विचारायला लागलं. मी त्यांच्या देखतच गिऱ्हाइकाला म्हणाले, "हे नवीन आहेत, अजून हात बसायचाय."

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आलेच नाहीत.

मग चाचणी मीच चालवली. तरी फायली लहानमोठ्याच. डिस्क बदलली, तरी तेच. शेवटी फायली बनवणाऱ्या टूलची माहिती नीट वाचली. आपण देतो तो आकार टूल सरासरी म्हणून धरतं. सगळ्या फायली सारख्या हव्या असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. सेटिंग मीच लिहिलेलं होतं. चार वर्षं मी तेच वापरत होते आणि बनलेल्या फायलींचे आकार मी एकदाही उघडून पाहिले नव्हते.

रविवारी चामटोलीला गेले. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. चूक कुणाची होती ते मी दोघांसमोर सांगितलं आणि माफी मागितली.

"चुकलं त्याचं काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "पण एकदा माझ्या शेजारी बसून बघायचं होतं."

सोमवारी मी गिऱ्हाइकांना कळवून जुने रिपोर्ट मागे घेतले. त्यातली दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. आठवड्याभरानं चामटोलीचे ते गृहस्थ कामावर परत आले. काम अजूनही चोख करतात. पण काही खटकलं तर तोंडानं सांगत नाहीत. कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवतात आणि आपल्या जागेवर जाऊन बसतात.