कणगीपाशी थांबणारी ओळ

कर्जतच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा कर्जत दिसतच नव्हते. धुई (दाट धुके) इतकी खाली आली होती की आगगाडीचे शेवटचे दोन डबे कुणी पुसून टाकले असावेत असे वाटले. गाडी गेली, तिचा आवाज घाटाच्या बाजूला विरला, आणि हातात पुस्तकांचे गाठोडे घेऊन मी एकटाच त्या पांढऱ्या पोकळीत उभा राहिलो.

मी मुंबईत आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या शाळेत हिब्रू शिकवतो. खालापूरकडच्या एका खेड्यात आमची लहानशी मशीद आहे (आम्ही आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो). तिथल्या मोठ्या माणसांनी संध्याकाळी जमून अक्षरे शिकायला सुरुवात केली होती. ‘येऊन परीक्षा घ्यावी,’ असे तिथल्या हजानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांनी कळवले होते. परीक्षा म्हटले की मला हुरूप येतो. दुसऱ्याच्या चुका सापडल्या की तुम्हाला जेवण गोड लागते, असे बायको म्हणते. ते अगदीच खोटे नाही.

धोंडू नावाच्या गाडीवानाने मला आपल्या बैलगाडीत घेतले.

“कुनाकडं जायाचं?”

“हजानांकडे.”

“म्हंजी शनवार तेल्यांकडं!” तो म्हणाला. आमचे पुष्कळ लोक तेलाचे घाणे चालवतात आणि शनिवारी काम करीत नाहीत, म्हणून मुलखात हे नाव पडले आहे. “बरी रीत हाय तुमची. शनवारी बैलालाबी सुटी. माजा बैल त्यांच्या गोठ्याकडं बगतो नि मंग चार दिस माज्याशी नीट वागत नाय.”

थोड्या वेळाने तो आपणहून म्हणाला, “आता तर तुमची मानसं म्हातारपनी शाळंत जात्यात. त्यो इसाजी तेली तर दिसभर बैलाशी कायतरी बोलतो. ना आमाला कळं, ना बैलाला.”

मी हसलो आणि मनातल्या मनात इसाजीचा पहिला नंबर लावला. परीक्षेत आधी त्यालाच उठवायचे ठरले.

धुके विरळ झाले तसे दोन्ही बाजूंना वालाची शेते दिसू लागली. भात कापून झालेल्या ओल्या जमिनीत वाल फुलावर आला होता. डोंगरातल्या वाडीवरच्या ठाकर बाया डोक्यावर मोळ्या घेऊन समोरून आल्या, एक अक्षर न बोलता बाजूने गेल्या आणि मागच्या धुक्यात नाहीशा झाल्या. गाडीच्या कुरकुरीने मला गुंगी आली. जाग आली तेव्हा गाडी एका ओहोळात होती, गाठोडे पाण्यात होते आणि धोंडू कमरेइतक्या पाण्यात उतरून ते वर काढत होता.

“गुरुजी, तुमची विद्या भिजली की वं!”

मुक्कामी पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. हजान सामुएलभाई पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, मऊ बोलणारे. पुस्तकांची दशा पाहून ते म्हणाले, “काळजी नको. उद्या सकाळी इसाजीच्या अंगणात पसरू, तिथं ऊन चांगलं येतं.” मग त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातला मासा जेवलो. मुंबईत इतका ताजा नारळ मिळत नाही, हे मला आवर्जून लिहावेसे वाटते.

मशीद म्हणजे शेणाने सारवलेली एक कौलारू खोली. मधोमध तेबा (लाकडी कठड्याचा चौथरा), छताला टांगलेले काचेचे दिवे. दिवेलागणीला विद्यार्थी आले. सातजण, सगळे माझ्याहून मोठे. एक सुतार होता, एक पेन्शनीत निघालेले सुभेदार होते, बाकीचे तेली. दिव्यांत कारळ्याचे तेल जळत होते आणि त्या पिवळ्या उजेडात ते पिकल्या मिशांचे चेहरे पाण्याखालून पाहिल्यासारखे हलत होते. इसाजी सगळ्यांच्या मागे बसला होता. तेलाचे हात पुस्तकाला लागू नयेत म्हणून त्याने ते धोतराच्या सोग्यात गुंडाळले होते.

सामुएलभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “ह्याची बायको रेबकाबाई दोन वर्षांमागं गेली. मुलगा नाही. परवा शनिवारी तिचा वर्षाचा दिवस आहे. कदिश (मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) यंदा स्वतःच्या तोंडानं म्हणायची, एवढ्यासाठी तो शिकतो.”

मी इसाजीला उभे केले. “सरळ उभे राहा. पाय हलवू नका. बोट ओळीवर ठेवा.”

“यिथगदल,” तो कदिशचा पहिला शब्द म्हणाला आणि थांबला. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. मी पायांकडे पाहिले, तसे तेही थांबले. पुढचा शब्द येईना. कपाळावर घाम आला. सुभेदार उगीच खाकरले. मी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले, आणि मग पुस्तक मिटले.

“शनिवारी हजानांनी शब्द सांगावा, तुम्ही मागून म्हणावा,” मी म्हणालो. “तेही चालते.”

“चालतं, गुरुजी,” इसाजी हळू म्हणाला. “गेल्या साली तसंच क्येलं. पन ती सामूभाईंची हाक झाली. माजी नाय झाली.”

त्या रात्रीचे जेवण गोड लागले नाही, हे मी कबूल करतो.

शुक्रवारी सकाळी मी ओली पुस्तके घेऊन इसाजीच्या अंगणात गेलो. पुन्हा धुके होते. घाण्याच्या खोपटातून लाकडाची लांब कुरकुर येत होती, आणि तिच्या तालावर एक आवाज. कदिश. पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत, एकही चूक नाही. मी दारातून डोकावलो.

डोळे बांधलेला बैल फिरत होता आणि त्याच्या मागे इसाजी चालत होता. खोपटाच्या चारी भिंतींवर चुन्याने मोठमोठ्या हिब्रू अक्षरांत ओळी लिहिल्या होत्या. एक दाराशी, एक तेलाच्या बुधल्यांच्या वरच्या बाजूला, एक खिडकीखाली, एक तिळाच्या कणगीजवळ (धान्य साठवायच्या मोठ्या टोपल्याजवळ). इसाजी त्या त्या ओळीपाशी येई, ती वाची आणि पुढे सरके. एका वेढ्यात एक कदिश. कणगीपाशी आला की मात्र तो थांबे. मागची पावले थांबली की बैलही थांबे. मग ती ओळ म्हणून दोघे पुन्हा चालू लागत.

मला पाहताच तो ओशाळला. “सामूभाईंनी लिवून दिलं. बसून शिकाया येळ कुटं हाय?”

“कणगीपाशी का थांबता?”

“ती हितं बसायची,” तो म्हणाला. “तीळ पाखडत. बैल आला की पाय आकसून घ्यायची.”

धुके विरले तसा मी बाहेर येऊन एकेक पान उन्हात पसरू लागलो. मला स्वतःचा राग आला होता. ह्या माणसाला मी पाय हलवू नका म्हणालो होतो!

शनिवारी गावातला एकही घाणा वाजत नव्हता. इसाजीचा बैल डोळे उघडे ठेवून अंगणात रवंथ करीत होता. मशिदीत चौदा पुरुष जमले, बायका पडवीत बसल्या. प्रार्थना संपत आली आणि सामुएलभाईंनी इसाजीकडे पाहिले. तो उठला, सरळ उभा राहिला. मी शिकवले होते तसाच.

तोंड उघडले, पण आवाज नाही. सामुएलभाई पहिला शब्द सांगायला पुढे झुकले. इसाजीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की माझ्याने बसवेना. मी उठलो आणि त्याचा दंड धरला.

“चला, इसाजीभाऊ. ह्या तेब्याभोवती.”

सुभेदारांच्या भुवया वर गेल्या. कदिश उभ्याने म्हणायची असते, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होते. मी त्याला घेऊन दोन पावले टाकली.

“तसं नाय, गुरुजी,” इसाजी कुजबुजला. “घाना हिकडनं फिरतो.”

परीक्षक मुकाट्याने उलट फिरला. आणि मग तो आवाज आला. पहिली बाजू म्हणजे दार. दुसरी बाजू म्हणजे बुधले. तिसरी बाजू म्हणजे खिडकी. सगळे आमेन म्हणत होते आणि आम्ही दोघे चालत होतो, मला तर पायाखाली तिळाची पेंड आहे असेच वाटत होते. तिसऱ्या कोपऱ्यावर तो थांबला. तिथे काही नव्हते, सारवलेली रिकामी जमीन होती. सगळी मशीद थांबली. पडवीतून एका बाईचा हुंदका आला. मग इसाजीने ती ओळ म्हटली, सावकाश, कुणाला तरी पाय आकसून घ्यायला वेळ देत. शेवटचा आमेन आम्ही जिथून निघालो होतो तिथेच झाला. सुभेदार सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

रविवारी निघताना इसाजीने मला तिळाच्या तेलाची बाटली दिली. मी विचारले, “आता भिंत पुसून नवा पाठ लिहायचा ना?”

“बाकीची पुसा,” तो सामुएलभाईंना म्हणाला. “कनगीजवळची ऱ्हाऊं द्या.”

धोंडूने ओहोळ आला तेव्हा मला आठवणीने जागे केले. मी झोपलो नव्हतो.

ह्याला आता चार महिने झाले. परवा माझ्या वडिलांचा दिवस होता. त्यांची कदिश मी वीस वर्षे म्हणत आलो आहे, ताठ उभा राहून, एकही उच्चार न चुकवता, आणि म्हणून झाली की पहिला विचार जेवणाचा येतो. मशिदीत म्हणून घरी आलो आणि काय वाटले कोण जाणे, खोलीत फिरत पुन्हा एकदा हळूच म्हणू लागलो. खिडकीजवळच्या खुर्चीपाशी आलो. बाबा तिथे बसून चष्मा पुसत असत.

“अहो, विसरलात की काय?” बायकोने आतून विचारले. “गप्प का झालात?”

मी म्हटले, “नाही. थांबलोय.”