आरसेमिस्त्रींची फरशी

मिस्त्रींचं खरं नाव त्यांच्या लेकीलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवायचं. सगळे त्यांना आरसेमिस्त्री म्हणायचे. पस्तीस वर्षं या माणसाने लोकांच्या घरातल्या फरश्या घासून पॉलिश केल्या. आधी जाडा दगड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पावडर आणि मेण. काम झालं की गुडघे टेकून बघायचं, छतावरचा दिवा फरशीत जसाच्या तसा दिसतो का. नाही दिसला तर पुन्हा मशीन लावायचं. या हट्टापायी गुडघ्यांची पार वाट लागली, पण कामाला कधी कुणी नाव ठेवलं नाही.

स्वतःच्या घरातल्या फरशीचं तर विचारूच नका. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला तोंडाने काही सांगत बसायचे नाहीत, सरळ घरी घेऊन यायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणायचे. गिऱ्हाईक दारातच थबकायचं, आत पाऊल टाकायची हिंमत व्हायची नाही. मिस्त्री तेवढ्याने भरून पावायचे.

बायको होती तेव्हा घरात वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवरून. स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटायचा. ती येता-जाता भिंतीला हात लावायची. "अगं, भिंत काय पळून चाललीय? सोड की तिला," मिस्त्री म्हणायचे, आणि दर वर्षी तिथे रंगाचा हात मारायचे. ती नुसती हसायची. तीन वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघराच्या दारात पडली, खुब्याचं हाड मोडलं, पाच महिने अंथरुणाला खिळली आणि गेली. भेटायला येईल त्याला मिस्त्रींनी सांगितलं, तिचा तोल गेला.

मग लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. बाबांना एकटं घर खायला उठेल म्हणून जाताना तिने तीन महिन्यांचं एक पिल्लू आणून ठेवलं. मोठ्या जातीचं, पंजे हे एवढे. "मला माझंच होत नाही, याचं कुठे करू?" म्हणून मिस्त्रींनी तोंड फिरवलं. आठ दिवसांनी बघावं, तर ते पिल्लू त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलेलं आणि मिस्त्री पाय अवघडला तरी हलत नाहीत. त्याचं नाव त्यांनी ढब्ब्या ठेवलं. लळा लागला, दुसरं काय.

ढब्ब्या पळत आला की त्याचे मागचे पाय दोन दिशांना जायचे आणि तो पोटावर घसरत भिंतीवर आपटायचा. मिस्त्री हसायचे. लस टोचायला नेलं तेव्हा त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना ही गंमत सांगितली. बाई हसल्या नाहीत.

"काका, वर्ष-दीड वर्ष याचे सांधे कच्चेच असणार. वजन भराभर वाढतंय आणि खाली गुळगुळीत फरशी. पाय फाकले की खुबा सैल होतो, मग आयुष्यभर लंगडेल. जिना चढू देऊ नका, उड्या नकोत, जास्त खायला घालू नका. आणि मुख्य म्हणजे फरशीचं काहीतरी करा."

मिस्त्रींनी सगळं केलं. जिन्याला फळी ठोकली, दारातल्या दोन पायऱ्यांवर उतरण केली, पंजांखालचे केस कापले, खाणं वाटीने मोजून द्यायला लागले. फरशीपाशी मात्र घोडं अडलं. रबरी चटया आणल्या खऱ्या, पण गिऱ्हाईक यायचं असलं की गुंडाळून ठेवायचे. तेवढ्या दहा मिनिटांनी काय होतंय?

एका सकाळी एक घरमालक नमुना बघायला आला. चटया कोपऱ्यात उभ्या होत्या. बेल वाजली, ढब्ब्या आतून सुसाट आला, वळणावर पाय फाकले, आणि जे केकाटला ते थांबेना. पाहुणा म्हणाला, "फरशी झकास आहे हो." मिस्त्रींना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. डावा खुबा ढिला झाला होता. "जपलंत तर चालेल, पण पळणं विसरा," बाई म्हणाल्या. "पुन्हा घसरला, तर उभाही राहणार नाही."

मिस्त्रींनी घरभर चटया अंथरल्या. पण ढब्ब्याच्या मनात भीती बसली होती. चटई असो-नसो, तो भिंतीला अंग घासत, एकेक पाय जपून टाकत चालायचा. स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत. पंधरवड्याने भिंतीवर खालच्या बाजूला मळकट पट्टा दिसायला लागला. मिस्त्री ओलं फडकं घेऊन पुसायला बसले, आणि हात तिथेच राहिला. असाच पट्टा वर होता, हातभर वर. तो त्यांनीच रंगवून टाकला होता.

त्यांनी फडकं बाजूला टाकलं. मग उठले, ढब्ब्याला शेजारणीकडे सोडलं आणि मशीन बाहेर काढलं.

"आता आणखी किती चकाकवणार?" शेजारीण म्हणाली.

मिस्त्रींनी मशीनला दगड बसवला. एरवी ज्या जाड्या दगडाने काम सुरू करायचं, त्याच दगडाने आज संपवायचं होतं. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं खरबरीत करत आणलं, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, काम चाललंय का? पॉलिश करताय?"

"काढतोय." मिस्त्रींनी मशीन बंद केलं. "तुझी आई भिंत धरून का चालायची गं?"

 लेक म्हणाली, "ती त्याआधीही दोनदा घसरली होती, बाबा. मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस. त्यांच्या कामाला नाव ठेवल्यासारखं होईल."

मिस्त्रींनी फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातली फरशी तेवढी राहिली होती. छतावरचा दिवा तिच्यात जसाच्या तसा दिसत होता. त्यांनी मशीन तिकडे वळवलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत हात थांबवला नाही.