रुमालाखालची थरथर

बैलबाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा होतो. या बोटांवरच मी शून्यातून उभा राहिलो. गेल्या वर्षी देवरीकडच्या बाजारात जुना भागीदार समोर आला. माझी गिऱ्हाइकं फोडून तो वेगळा झाला होता, ते मी अजून माफ केलेलं नाही. रुमालाखाली त्याचा हात धरताच माझी बोटं थरथरू लागली. तो हसला. "काऊन भाऊ, थंडी वाजून राहिली का?"

हात दाखवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार आहे, असाच संताप केलात तर लकवा मारेल. गोळ्या दिल्या आणि रोज वीस मिनिटं ध्यान सांगितलं. मी दहावर आणू पाहिलं, ते ऐकेनात.

डोळे मिटले की छातीचे ठोके कानात वाजायचे आणि मागून तोच हसत यायचा. मी घाबरून उठायचो. बायको म्हणायची, "डोरेच त मिटायचे आहेत, कायले भेऊन राहिले? तो आला त येऊ द्या. तुम्ही श्वास पाहा."

हळूहळू बसू लागलो. राग चढताना श्वास आखडतो, थांबलं की तो आपोआप लांबतो, हे दिसू लागलं. राग गेला नाही, पण येताना कळतो.

परवा पुन्हा त्याचा हात धरला. सौदा तुटला. शिवी ओठांवर आली होती, मी श्वास सोडला आणि निघालो. मग झाडाखाली उभा राहून एकेक बोट वाकवून पाहत राहिलो, सगळी हलतात ना.