ऊसतोडीच्या गाडीत शिलाई मशीन

मागच्या महिन्यात, दिवाळी उरकल्या उरकल्या, तेलगावजवळच्या एका वस्तीवर माझी चांगलीच जिरली... आणि जिरली ते बरंच झालं, म्हणून लिहितेय.

आमची संस्था बायकांना छोट्या धंद्यासाठी कर्ज देते, सोबत ट्रेनिंगही. ट्रेनिंग मी घेते आणि नंतर धंदा कसा चाललाय ते बघत गावोगाव फिरतेही मीच. त्या दिवशी कांताबाईंकडे व्हिजिट होती. त्यांनी उन्हाळ्यात पायाची शिलाई मशीन घेतली होती.

कांताबाई आमच्या बॅचच्या हिरॉईन. बारा-तेरा वर्षं नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेल्या. त्याने तोडायचं, यांनी मोळी बांधून डोक्यावर वाहायची... दोघांचा मिळून एक 'कोयता' धरतात. यंदा मात्र नवऱ्यासोबत दीर जाणार होता आणि कांताबाईंचा कोयता सुटणार होता. मी तर ऑफिसात सगळ्यांना सांगून बसले होते.

वस्तीवर पोचले तर मारुतीच्या पारापाशी ट्रक उभा. भांडी, गाद्या, कोंबड्या, सगळं वर चढत होतं. आणि कांताबाईंची मशीन, पोत्यात गुंडाळून, ट्रकच्या फाळक्याला टेकवलेली!

माझा पाराच चढला. कर्ज फिटेपर्यंत मशीन गावाबाहेर न्यायची नाही, हा आमचा नियम. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, "कांताबाई, मशीन बाजूला घ्या. अशी नेता येणार नाही."

सगळी गडबड थांबली... गाडीतल्या बायका वरून बघायला लागल्या. मुकादम, म्हणजे ही टोळी कारखान्यावर नेणारा माणूस, पुढे आला.

"मॅडम, काय ते लवकर ठरवा. मशीन येणार नसंल तर हिला कोयता घ्यावा लागंल. नुसतं बसायला कुनाला नेत न्हाई मी." मग वर बसलेल्या दिराला म्हणाला, "तू उतर रं खाली, तुज्या जागी ही तोडंल."

दीर खरंच उतरला. कांताबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, पण तुम्ही जाताच कशाला? इथेच राहून शिवा ना," मी म्हणाले. काय शहाणपण शिकवत होते मी... आठवलं की अजून लाज वाटते.

"कुनाचं शिवू, मॅडम?" त्यांनी गल्लीकडे हात केला. "बगा की."

मी बघितलं. एका दाराला कुलूप, पुढच्याला कुलूप, त्याच्या पुढच्या दाराला बाभळीची फांदी आडवी लावलेली. ओट्यावर दोन-तीन म्हातारी माणसं. बाकी अख्खी वस्ती ट्रकात, आता थेट उन्हाळ्यात परतणार.

"गावच चाललंय गाडीत," कांताबाई म्हणाल्या. "त्यायचंच तर शिवते मी. उसाचं पान लई कापतंय, साडीवरून घालायला फुल बाह्याचे शर्ट लागतेत समद्या बायांना. तिथं कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, लाईट न्हाई, पर ही पायाची हाय. मी काय मशीन इकायला चालले व्हय?"

ट्रेनिंगमध्ये 'आपलं गिऱ्हाईक ओळखा' हा तास मीच घेते बरं का. अर्धं वर्ष रिकाम्या पडणाऱ्या वस्तीत बारा महिने धंदा कसा चालेल, ते मीच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. आणि मी काही पुण्या-मुंबईची नाही, केजची आहे. दरवर्षी या गाड्या जाताना बघते... तरी डोक्यात आलं नाही.

साहेबांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला... नाहीच. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

नियम मोडावा तर माझ्या नोकरीवर येणार, पाळावा तर ही बाई पुन्हा मोळ्या वाहणार. कांताबाईंनी रडून-भेकून गयावया केली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या, माझ्याकडे बघत.

मी पर्स पारावर ठेवली आणि मशीनला एका बाजूने हात घातला. "धरा तिकडून," म्हणाले. वरून चार-पाच बायकांचे हात खाली आले आणि मशीन वर गेली. दीर न सांगताच मागोमाग चढला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी पारावरची पर्स उचलली.

ऑफिसने लेखी खुलासा मागितलाय. काल तोच लिहायला बसले होते, काही सुचत नव्हतं... आणि कारखान्यावरून कांताबाईंचा फोन आला. कसं चाललंय विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, हाताचे घट्टे मऊ पडायलेत बगा."

खुलाशात मी तेवढंच लिहिलं. आता पुढे काय व्हायचं ते होवो... कांताबाई, तुमचे मनापासून आभार.