युसेबियस सिस्टरांच्या सणाला इगतपुरीला

पुण्याहून नाशिकला जायचं ठरलं ते मंगलच्या एका मिस्ड कॉलवर. तिने मिस्ड कॉल द्यायचा आणि मी फोन करायचा, ही आमची ठरलेली पद्धत. फोन लावला तर बाईसाहेबांना धाप लागलेली.

"शैले, आपल्या युसेबियस सिस्टर चालल्या. मंगळूरला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी. कायमच्या. येतेस का नाय?"

नाशिकच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर युसेबियस आम्हाला गाणं शिकवायच्या. मंगल माझ्याच वर्गात होती. तिचे वडील पंचवटीपलीकडच्या मळ्यातले फुलवाले. शाळेच्या चॅपेलला तेच फुलं देत, त्या ओळखीवर मंगलला प्रवेश मिळाला. आता सिस्टर इगतपुरीच्या कॉन्व्हेंटमध्ये होत्या आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. मंगळूर म्हणजे आमच्या गुडघ्यांच्या हिशेबाने परदेशच. भेटायचं तर आत्ताच.

कधी जायचं, हा प्रश्नच नव्हता. सिस्टर लोक वाढदिवस करत नाहीत. व्रत घेताना ज्या संताचं नाव मिळतं, त्या संताचा दिवस साजरा करतात. त्याला फीस्ट म्हणतात. युसेबियस सिस्टरांची फीस्ट सोळा डिसेंबरला. त्या दिवशी आम्हाला अर्धी सुट्टी असायची, केकचा तुकडा मिळायचा, आणि सिस्टरांपासून लपवून बसवलेलं इंग्रजी गाणं आम्ही त्यांच्यासमोर म्हणायचो. शाळा सुटून चाळीस वर्षं होत आली, तरी तारीख पाठ होती.

पंधराला सकाळी शिवाजीनगरहून एसटी पकडली. तुम्हीही हा प्रवास करणार असाल तर डावीकडची खिडकी घ्या, सकाळचं ऊन लागत नाही. नारायणगावला चहा, संगमनेरला पेरू, आणि सिन्नर मागे पडलं की हवेत तो नाशिकचा कोरडा गारवा. पुण्यात इतकी वर्षं काढली, पण थंडी म्हटलं की मला हीच आठवते.

मंगलकडे बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि रात्रभर गप्पा. सकाळी ती मला पंचवटीच्या बाजारात घेऊन गेली. शेवंती, निशिगंध, अष्टर. फुलवाले तिला आत्या म्हणतात आणि तिच्यापुढे भाव करत नाहीत. फुलं ओल्या फडक्यात बांधून आम्ही मुंबई नाक्यावर काळी-पिवळी जीप धरली. माणशी चाळीस रुपये, आणि चौघांच्या जागेत सहा माणसं. रस्ता चौपदरी करायचं काम चाललेलं, त्यामुळे धूळ भरपूर. नाकाला बांधायला ओढणी हवीच.

शेजारच्या बाईंनी फुलांकडे बघून विचारलं, "लग्नाला निघाल्या का काय?"

"सणाला," मंगल म्हणाली.

"आज कुठला वो सण?"

"युसेबियसचा."

"ह्यो कुठला देव म्हणायचा?"

"लय लांबचा हाय. पण नाशकात रुळलाय," मंगल म्हणाली, आणि सगळी जीप हसली.

इगतपुरीला उतरल्यावर स्टेशनवरचा वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाळलेल्या गवताने डोंगर पिवळे पडले होते आणि वारा असा की शाल दोनदा गुंडाळावी लागली. चढावरच्या कॉन्व्हेंटची घंटा वाजवली. तिथल्या प्रमुख सिस्टर केरळच्या, वयाने आमच्या मुलींएवढ्या. त्यांनीच दार उघडलं. आम्ही एका सुरात "हॅपी फीस्ट" म्हणालो. त्या गोंधळल्या.

"फीस्ट? सिस्टर युसेबियसची? ती तर ऑगस्टमध्ये झाली. दोन ऑगस्ट."

मंगल माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

सिस्टरांनी आम्हाला बसवलं आणि कपाटातून संतांचं जाडजूड पुस्तक काढलं. आमच्या सिस्टरांचा युसेबियस इटलीतल्या व्हर्चेल्लीचा बिशप. त्याचा दिवस पूर्वी सोळा डिसेंबरच होता. पण आम्ही शाळा सोडली आणि लगेचच चर्चने पंचांग बदललं, त्यात हा बिशप उचलून ऑगस्टात नेऊन ठेवला. ते आम्हाला कोण सांगणार?

"चला, ऑगस्ट तर ऑगस्ट," मंगल म्हणाली. "बोलवा त्यांना. फुलं सुकतील."

"तीच अडचण आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आमची रिट्रीट चालू आहे. आठवडाभर मौन. उद्या सकाळी प्रार्थनेनंतर सुटेल, आणि सिस्टर लगेच गाडीत बसतील. मी परवानगी देते, पण त्या बोलतील असं वाटत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी रिट्रीट कधी मोडलेली नाही."

मी त्यांचा आवाज ऐकायला तर आले होते.

थोड्या वेळाने सिस्टर मागच्या अंगणात आल्या. किती लहान झाल्या होत्या! आम्हाला बघून चेहरा उजळला, दोन्ही हात पुढे आले, आणि लगेच एक बोट ओठांवर गेलं. आम्ही बाकावर बसलो. मंगलने फडकं सोडलं, दोरा काढला आणि गजरा ओवायला घेतला. सिस्टर तिला एकेक शेवंती देऊ लागल्या. आयुष्यभर तोंड बंद न ठेवलेल्या आम्ही दोघी गप्प. पक्षी, वारा, लांबून मालगाडीची शिट्टी. खरं सांगते, तेही छान होतं. पण ऊन उतरायला लागलं, तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला.

आणि मंगलने तेवढ्यात फीस्टचं जुनं गाणं सुरू केलं. शब्द अर्धे विसरलेले, सूर तर विचारूच नका. सिस्टरांनी डोळे मिटले. मग त्यांचं बोट बाकावर ताल धरू लागलं. दुसऱ्या ओळीला मंगल आणखी खाली घसरली. सिस्टरांच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या ओळीला...

"मंगल! सूर! सूर कुठे चाललाय? विहिरीत?"

मग सिस्टरांनीच तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. व्हरांड्यातून प्रमुख सिस्टर म्हणाल्या, "चूक सुधारणं म्हणजे काही बोलणं नव्हे. सुधारा त्यांना, संध्याकाळच्या घंटेपर्यंत सुधारा."

मग काय! सिस्टर बोलतच सुटल्या. चुकीच्या फीस्टची हकीकत ऐकून तर त्यांना भलताच आनंद झाला.

"नाव मी निवडलं नव्हतं. मदरांनी दिलं, मी घेतलं. पण युसेबियस पुष्कळ आहेत, मुलींनो. एक पोप. एक चर्चचा इतिहास लिहिणारा. आणि एक समोसाताचा बिशप, त्याच्या डोक्यात एका बाईने छपरावरून कौल फेकलं. मरताना तो म्हणाला, तिला शिक्षा करू नका. मनातून मला तोच आवडतो. तुम्ही कमी फेकलं का माझ्यावर? खडू, बोरांच्या बिया. मी केली कुणाला शिक्षा?"

"केली की!" मंगल म्हणाली. "लय केली."

"ती तुला. तुझी धरायची नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि एक कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाच्या महालातला बडा कारभारी, तोही युसेबियस. माझ्या बिशपला ज्या बादशहाने हद्दपार केलं, त्याच्याच पदरी. फार वाईट माणूस म्हणतात. शेवटी नव्या बादशहाने त्याला मारलं. त्याला बिचाऱ्याला फीस्टसुद्धा नाही."

घंटा व्हायच्या आत मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, मंगळूरला फोन करू का? फीस्टला?"

"फीस्टलाच कशाला? वर्षातून एकदा येते ती." त्यांनी मंगलचा गजरा माझ्या हातात ठेवला. "त्या कारभाऱ्याचा दिवसच नाही ना? मग त्याच्या नावाने कधीही कर."

घंटा वाजली. सिस्टर ओठांवर बोट ठेवून आत गेल्या.

परतीच्या दुपारच्या एसटीत मी उजवीकडे बसले आणि संगमनेरपर्यंत ऊन खाल्लं, तरी तक्रार सुचली नाही. गजरा पुण्यात दोन दिवस टिकला. नाशिकहून आणखी काय आणलं, तर थोडे बेदाणे आणि ही मोकळीक. परवा मंगळवारी दुपारी, कुठल्याच संताचा दिवस नसताना, मंगळूरला फोन लावला.

"कोण गेलं?" सिस्टरांनी दचकून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "कारभाऱ्याची फीस्ट आहे."

"मग सावकाश बोल," त्या म्हणाल्या, आणि पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.